रक्त चालतं, माणूस चालत नाही

आमच्या अभ्यासवर्गात आठ स्टीलचे पेले आहेत. रविवारी तिसरी पाळी संपवून पोरं विहाराच्या मागच्या खोलीत जमतात. डोळे तांबारलेले, केसांत कापसाची पिंज. कुणीतरी टपरीवरून किटलीत चहा आणतं. पेले विसळायचे, भरायचे, ज्याच्या हाताला जो लागेल तो त्यानं घ्यायचा. हा पेला कुणाचा, असा प्रश्न आमच्यात कधी निघाला नव्हता. निघायचं कारणच नव्हतं. आपण कोण आहोत, कुठल्या पाण्यावरून उठून इथवर आलो, हे आम्हा सगळ्यांना पाठ आहे.

आमच्या सूतगिरणीत माझ्याच खात्यात एक दादा आहेत. पन्नाशीचे. तुटलेला धागा जोडायला त्यांच्याइतका चपळ हात मी पाहिला नाही. एका रविवारी वर्गात आरोग्यावर चर्चा चालली होती आणि ते सहज म्हणाले, "मला एचआयव्ही हाय. लई वर्षं झाली. गोळ्या घेतोय." खोली गप्प झाली. मग कुणीतरी खाकरलं आणि विषय पुढे गेला.

पुढच्या रविवारी मी कागदी कप घेऊन गेलो. सगळ्यांसाठी नाही. एकच. "पेला कमी पडतोय दादा, तुम्ही ह्यात घ्या," असं म्हणालो. पेले आठ होते आणि माणसं सात. दादांना मोजता येतं. त्यांनी चहा घेतला, कप चुरगाळून स्वतःच्या खिशात घातला आणि शेवटपर्यंत बसून राहिले.

निघताना दारात चपला घालता घालता माझ्याकडे न बघता म्हणाले, "लेका, माझं रक्त तपासायला नेत्यात तवा बर्फाच्या पेटीत घालत्यात. नळीवर नंबर टाकत्यात. मोटारीतनं नेत्यात. सांडू नये म्हणून जपत्यात. रक्त चालतंय. माणूस चालत न्हाई."

अस्पृश्यतेवर माझ्या चार कविता आहेत. एक तर जयंतीला स्टेजवरून म्हटलेली. त्या रात्री साच्यावर उभा होतो आणि त्या चारही कविता मला बॉबिनीसारख्या रिकाम्या वाटल्या. हा लेख मी त्या कपापायी लिहितोय. दादांना न्याय द्यायला नव्हे, तो माझ्या हातात नाही. मला एवढंच तपासायचंय की आपलं रक्त मागणारं ज्ञान आणि आपलं माणूसपण यांचा हिशेब कसा लागतो. आणि त्या हिशेबात आपण स्वतः कुठे उभे आहोत.

आधी रक्त कुठे जातं ते बघू.

१९९२ साली पुण्याजवळ भोसरीला, कारखान्यांच्या वसाहतीत, राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची. अलीकडे तिचं नाव बदललं, काम तेच. पुण्यातच बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाबरोबर एचआयव्ही आणि क्षय यांच्यावर संशोधन करत आलंय. आईकडून बाळाला होणारी लागण औषधानं किती रोखता येते, याची तिथली परीक्षा जगभर वाचली गेली. सोलापूरहून पुणे काही दूर नाही. आपल्या वस्तीतल्या किती बायाबापड्या त्या गाडीनं गेल्या असतील, हे कुणी वहीत लिहून ठेवलेलं नाही.

आता जरा मागे जाऊ. भारतात हा विषाणू पहिल्यांदा सापडला १९८६ साली, मद्रासमध्ये. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला सेल्लप्पन यांनी तो शोधला. रक्त कुणाचं होतं? वेश्याव्यवसायाच्या कलमाखाली पकडून सुधारगृहात डांबलेल्या बायकांचं. रक्त कशासाठी घेतोय हे त्यांना सांगितलं नव्हतं, असं पुढे निर्मलाबाईंनीच सांगितलंय. त्यांची हिंमत मोठी होती, यात शंका नाही. इथे असला रोग येणारच नाही, असं त्या काळी मोठे मोठे लोक म्हणत होते. त्या एका तपासणीनं देशाला जाग आली. पण पुढे त्याच राज्यात लागण निघालेल्या बायकांना शिक्षा संपूनही सोडलं नाही. कोर्टात जावं लागलं, तेव्हा १९९० साली सुटका झाली. रक्तानं देशाला जागं केलं आणि ज्यांचं रक्त त्या कुलपात राहिल्या.

गोव्यात १९८९ साली काय झालं तेही ऐका. डॉमिनिक डिसोझा हा तरुण नेमानं रक्तदान करायचा. आपण जयंतीला शिबिर भरवतो ना, तसाच पुण्याईचा भाग. त्याच्या रक्तात एचआयव्ही निघाला. फेब्रुवारीत पोलीस आले आणि त्याला उचलून क्षयरोग्यांच्या ओसाड पडलेल्या दवाखान्यात कोंडलं. ६४ दिवस. गुन्हा कुठला? रक्त दिलं. कायदाच तसा होता. त्याची आई हायकोर्टात गेली. कोर्टानं त्याला घरी पाठवलं, पण कोंडण्याचा कायदा शेवटी वैध ठरवला. तो माणूस पुढे आपल्यासारख्या रुग्णांची संघटना उभारण्याच्या मागे लागला आणि १९९२ साली गेला.

ह्या दोन्ही हकिकतींत एकच गोष्ट दिसते. रक्त हवं, पण ज्याचं रक्त तो डोळ्यांसमोर नको. आपल्याला हे नवीन आहे का? गावाला मेलेली ढोरं ओढून न्यायला हात हवे होते, ते हात विहिरीला नको होते. कातड्याचं पायताण चालायचं, कातडं कमावणारा चालायचा नाही. दादांनी जे दारात सांगितलं, ते आपल्या आज्यापणज्याचंच गाऱ्हाणं होतं. फक्त ह्या वेळी ते आपल्याविरुद्ध होतं.

आमच्या वर्गातला एक तरुण मित्र आहे, फार वाचतो. त्याला मी हे सगळं सांगितलं तर तो उसळून म्हणाला, "मग टाका बहिष्कार! आपलं शरीर म्हणजे ह्यांची प्रयोगशाळा नाही." आणि त्यानं टस्कीगीचं उदाहरण दिलं.

ते उदाहरण आपल्या सगळ्यांना माहीत असलं पाहिजे. अमेरिकेत अलाबामा राज्यात १९३२ साली सरकारी आरोग्य खात्यानं ३९९ उपदंश झालेल्या आणि तुलनेसाठी २०१ रोग नसलेल्या काळ्या माणसांवर पाहणी सुरू केली. बहुतेक शेतमजूर. त्यांना सांगितलं, तुमचं रक्त बिघडलंय. फुकट जेवण, फुकट तपासणी, मेल्यावर पुरण्याचा खर्च देऊ. तो खर्च का, तर प्रेत चिरून बघता यावं म्हणून. १९४० च्या दशकात पेनिसिलिन हा हुकमी इलाज हाती आला. तरी त्यांना दिला नाही. रोग माणसाला कसा कसा खातो, हे शेवटपर्यंत बघायचं होतं. ४० वर्षं चाललं. १९७२ साली वर्तमानपत्रांनी फोडलं तेव्हा थांबलं. राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली ती १९९७ साली.

१९७२. त्याच साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, अमेरिकेतल्या काळ्या पँथरांचं नाव घेऊन. म्हणजे ज्यांच्याकडून आपण नाव घेतलं, त्यांच्या रक्ताची ही कहाणी त्याच साली उघड्यावर आली. मित्राचा राग मला कळतो. तो माझाही राग आहे.

पण बहिष्कार? मी दोन रात्री विचार केला आणि मला ते पटलं नाही. का, ते सांगतो.

दादा आज जिवंत आहेत ते गोळ्यांमुळे. ती गोळी आकाशातून पडली नाही. कुणाच्या तरी शरीरावर ती आधी तपासली गेली, तेव्हा ती दादांच्या हातात आली. तीन औषधं एकत्र दिली की हा रोग आवरता येतो, हे जगाला १९९६ साली कळलं. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीनं तीच औषधं दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत द्यायची तयारी दाखवली. आणि आपल्या सरकारी दवाखान्यांत ती फुकट मिळायला लागली १ एप्रिल २००४ पासून, तीही आधी मोजक्याच ठिकाणी. म्हणजे ज्ञान आणि गोळी यांच्यात आठ वर्षांचं अंतर. त्या आठ वर्षांत जे गेले ते ज्ञान नव्हतं म्हणून गेले नाहीत. ज्ञान होतं. ते त्यांच्या वस्तीपर्यंत आलं नाही. आपलं भांडण त्या अंतराशी आहे. ज्ञानाशीच भांडलो तर ते अंतर आणखी वाढेल, कमी होणार नाही.

दुसरं असं की बहिष्कार हे हत्यार आपण नीट ओळखतो. ते आपल्यावर चाललंय. बहिष्कारानं आपण त्यांच्या दारात जायचं बंद करू, आणि त्यांना तेच हवं असेल तर? उद्या औषध निघेल ते दुसऱ्यांच्या शरीरावर बेतलेलं, दुसऱ्यांच्या खिशाला परवडणारं. तळ्याचं पाणी नासवलं जातं म्हणून बाबासाहेबांनी तळ्याकडे पाठ फिरवली नाही. २० मार्च १९२७ रोजी ते तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. प्रयोगशाळेच्या बाबतीत आपलं धोरण तेच असावं. दारातून परत फिरायचं नाही. आत जायचं, पण कुणाची नळी म्हणून नव्हे.

आता त्याहून अवघड प्रश्न. तो आपल्या जिल्ह्यातला आहे.

गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूच्या लागणीनं होतो. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर हॉस्पिटलातून, टाटा मेमोरियलच्या साथीनं, शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून एक फार मोठी पाहणी झाली. त्या जिल्ह्याला आता धाराशिव म्हणतात. गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. तीन भागांतल्या बायकांची एकेका वेगळ्या पद्धतीनं एकदाच तपासणी करायची, चौथ्या भागाला फक्त नेहमीची सेवा. २००९ साली निकाल जाहीर झाला. एचपीव्हीची चाचणी केलेल्या ३४,१२६ बायकांत ह्या कॅन्सरनं ३४ गेल्या. नेहमीच्या सेवेतल्या ३१,४८८ बायकांत ६४ गेल्या. एका चाचणीनं मरण जवळजवळ निम्म्यावर आलं. ही आपल्या मातीतून जगाला मिळालेली मोठी विद्या आहे. आज देशोदेशीच्या बायकांसाठी ती कामाला येते.

पण ती ६४ संख्या मला झोपू देत नाही. त्यांतली एखादी माझ्या मामाच्या गावची असेल.

ह्यावर वाद झाला, आणि दोन्ही बाजूंकडे मुद्दे आहेत. टीका करणारे म्हणाले, तपासणीनं हा कॅन्सर वेळेत सापडतो हे श्रीमंत देशांना आधीच ठाऊक होतं, मग एका भागाला तपासणीशिवाय ठेवायचं कशाला? करणारे म्हणाले, ह्या गावांत तपासणी होतच नव्हती, आम्ही कुणाचं काही काढून घेतलं नाही. तुलनेला एक बाजू ठेवल्याशिवाय सरकारला पटेल असा पुरावा मिळत नाही. ह्या डॉक्टरांनी गावोगाव फिरून हजारो बायकांचे प्राण वाचवायची वाट दाखवली, हे मी मान्य करतो. त्यांच्यावर मी दगड उचलत नाही.

तरी त्या "नेहमीची सेवा" ह्या दोन शब्दांपाशी मी अडतो. नेहमीची म्हणजे कुणाची नेहमीची? मुंबईतल्या पैसेवाल्या बाईची नेहमीची सेवा म्हणजे तपासणी. भूमच्या रानात खुरपणाऱ्या बाईची नेहमीची सेवा म्हणजे काहीच नाही. हे "काहीच नाही" आलं कुठून? ते पावसासारखं पडलेलं नाही. ते दारिद्र्यानं, जातीनं, बाईपणानं रचलेलं आहे. मग शास्त्र येतं आणि त्या रचलेल्या खड्ड्यालाच जमीन समजून तिथून मोजायला सुरुवात करतं. तुमचं काही काढून घेतलं नाही, म्हणतं. मित्रांनो, महाडलाही हेच म्हणता आलं असतं. तुम्ही तळ्याचं पाणी कधी पीतच नव्हता, मग तुमचं काय काढून घेतलं?

म्हणून माझं म्हणणं असं आहे. ज्याच्या वंचितपणाचा तुलनेसाठी उपयोग केला, त्याचं देणं लागतं. उपकार म्हणून नाही, मजुरी म्हणून. आठ तास साच्यावर उभं राहिलो तर पगार हा उपकार नसतो. निकाल हाती येताच ती गोष्ट सगळ्यांत आधी त्याच बाजूला, त्याच गावाला, त्याच बाईला मिळाली पाहिजे. तसं करता येतं, ह्याचं उदाहरण आहे. एचआयव्हीवर ९ देशांत १,७६३ जोडप्यांची एक परीक्षा झाली, त्यात पुणे आणि चेन्नई होती. जोडीदारांपैकी एकाला लागण, एकाला नाही. काहींना औषध लगेच, काहींना त्या वेळच्या नियमांप्रमाणे उशिरा. २०११ साली मधला हिशेब काढला. जोडीदाराकडून झालेल्या २८ लागणींपैकी २७ उशिरा औषध मिळणाऱ्या बाजूच्या. औषध लवकर घेतलं तर लागण ९६ टक्क्यांनी कमी होते, हे सिद्ध झालं. तेव्हा संपायची वाट न बघता निकाल जाहीर केला आणि दुसऱ्या बाजूलाही औषध देऊ केलं. तरी ते २७ जण मी विसरू शकत नाही. पण निदान तिथे कुणीतरी मोजता मोजता माणसाकडे वर बघितलं.

आता संमतीकडे येतो.

आपल्याकडे अंगठ्याचा इतिहास मोठा आहे. सावकाराच्या कागदावर अंगठा, जमिनीच्या कागदावर अंगठा, वेठबिगारीच्या बोलीवर अंगठा. प्रत्येक वेळी कागद म्हणत होता, ह्याची संमती आहे. २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत एचपीव्हीच्या लशीचा प्रकल्प झाला. खम्ममला आश्रमशाळांतल्या आदिवासी पोरींना लस टोचली, आणि आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननं सह्या केल्या. पुढे काही पोरी दगावल्या. ते मृत्यू लशीमुळे नव्हते असं चौकशीनं सांगितलं. पण संमती घेण्याची रीत चूक होती, हे पुढे आलंच. २०१० साली प्रकल्प थांबवला, २०१३ साली संसदेच्या समितीनं कडक ताशेरे मारले. लस वाईट नव्हती. वॉर्डनची सही वाईट होती. आपल्यातली किती पोरं वसतिगृहांत राहून शिकली! आपल्या शरीराचा मालक वॉर्डन आहे, असं आपल्याला कुणी सांगितलं असतं तर?

पण खरी सही घेतली तरी प्रश्न सुटत नाही. मी दादांना विचारलं होतं, तुम्ही त्या संशोधनात नाव का घातलं? ते म्हणाले, "तपासणी फुकट. गाडीभाडं मिळतंय. आणि तिथली बाई मला नावानं बोलावती. खात्यात तर मला बदली म्हणूनच हाका मारत्यात." मी गप्प झालो. ही संमती खोटी म्हणायची का? गरज होती म्हणून दिली, तर ती खरेदी केलेली आहे असं काही पंडित म्हणतील. मग आपली नोकरीसुद्धा संमती नाही, कारण पोटाची गरज नसती तर कोण तिसऱ्या पाळीला जातं? मला वाटतं दादांची संमती खरीच होती. त्यांनी समजून विचारून होकार दिला होता. खोटं होतं ते भोवतालचं जग, ज्यात माणसाला त्याच्या नावानं हाक मारणारी जागा एकच उरली आणि ती रक्त काढायची होती. त्या बाईंचा दोष नाही. दोष आपला, की आमच्या खोलीत, जयभीम म्हणणाऱ्या खोलीत, ती दुसरी जागा त्यांना मिळायला हवी होती.

कायदा आज दादांच्या बाजूला आहे, हे माहीत असू द्या. १९९७ साली मुंबई हायकोर्टानं एका रोजंदारी कामगाराच्या खटल्यात सांगितलं की काम करायला धडधाकट असलेल्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून नोकरी नाकारता येत नाही. २०१७ सालचा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरी, शाळा, दवाखाना, घर, कुठेच भेदभाव करता येत नाही. चाचणी, उपचार, संशोधन, सगळ्याला माणसाची समजून दिलेली संमती लागते. कायदा आहे, तरी एका दवाखान्यात दादांच्या केसपेपरवर तांबड्या शाईनं फुली मारली होती, आणि खाट दिली होती ती शौचकुपाच्या दाराशी. आणि आमच्या वर्गात कायद्याची प्रत कपाटात होती, कागदी कप टेबलावर.

पुष्कळ जण म्हणतील, अरे, पेल्यातून हा रोग पसरत नाही, एवढं वाचलं असतंस तर चूक झाली नसती. खरं सांगतो, मी वाचलं होतं. मला माहीत होतं. माहिती डोक्यात होती आणि हात आपलं आपण चालला. म्हणून मी ह्या उत्तरावर समाधान मानत नाही. आणि समजा, पेल्यातून पसरणारा रोग असता तर? क्षय तर हवेतून पसरतो. मग क्षय झालेल्याशी अस्पृश्यता बरोबर का? आपलं म्हणणं जर "लागण होत नाही, म्हणून तो माणूस" एवढ्यावरच उभं असेल, तर ज्या दिवशी लागण होणारा रोग येईल त्या दिवशी ते कोसळेल. २०२० साली ते कोसळताना आपण पाहिलं. चाळीत बाहेरगावाहून आलेल्या मजुराला जिना चढू दिला नाही.

तेव्हा अंतर आणि अस्पृश्यता यांत फरक काय, हे ठरवलं पाहिजे. मी माझ्यापुरता असा ठरवलाय. रोगापासूनच्या अंतराला कारण असतं आणि मुदत असते. क्षयाच्या रुग्णाला औषध लागू पडलं, लागण थांबली, की अंतर संपलं. ते अंतर त्या माणसाला सांगून, विचारून ठेवलेलं असतं. आणि त्या अंतराच्या पलीकडे कुणीतरी ताट घेऊन जातं. अस्पृश्यतेला मुदत नसते. ती विचारत नाही. आणि पलीकडे कुणी जात नाही. माझा कागदी कप ह्या कसोटीवर लावून बघा. मुदत नव्हती, विचारलं नव्हतं, आणि वर खोटं बोललो होतो.

पलीकडे जाणारी माणसं आपल्या परंपरेत आहेत. १८९७ साल प्लेगचं. त्या जानेवारीत मुंबईत वाल्देमार हाफकिननं प्लेगची लस आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना टोचली. कैदी नाही म्हणू शकत होते का, हा प्रश्न मी विचारणारच. पण त्यानं पहिलं शरीर स्वतःचं पुढे केलं, हेही लिहून ठेवतो. आणि त्याच साली मार्चमध्ये पुण्याला सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेग झालेलं पोर पाठीवर घेऊन हडपसरच्या दवाखान्यात आणलं. लागण होते हे त्यांना माहीत होतं. झाली. १० मार्चला त्या गेल्या. एकीकडे सुई, दुसरीकडे पाठ. दोन्ही लागतात. पाठ देणारं कुणी नसलं की सुई दादांसारख्यांना नुसता नंबर देते.

आणि बुद्धाची गोष्ट तर आपल्या विहाराची आहे. एक भिक्खू पोटाच्या रोगानं स्वतःच्याच घाणीत पडलेला. बुद्ध आणि आनंद यांनी त्याला आपल्या हातांनी धुतलं, उचलून खाटेवर ठेवलं. मग संघाला विचारलं, ह्याची सेवा का केली नाही? उत्तर आलं, तो आमच्या काही उपयोगाचा नाही. केवढं भयंकर उत्तर! संघातल्या, धम्म ऐकलेल्या माणसांचं. आमचा अभ्यासवर्गही एक छोटा संघच आहे.

आता करायचं काय? मी मोठा कार्यक्रम देणारा माणूस नाही. तीन गोष्टी सांगतो.

एक. आपल्या वस्तीतल्या कुणाला संशोधनाचा कागद हातात आला तर तो विहारात मोठ्यानं वाचायचा. मराठीत. आणि विचारायचं: हे कशासाठी? मला काय धोका? मधेच सोडलं तर माझे नेहमीचे उपचार बंद होणार का? इजा झाली तर भरपाई कोण देणार? निकाल लागल्यावर मला कोण सांगणार, आणि औषध निघालं तर माझ्या गावाला मिळणार का? हे विचारणं म्हणजे डॉक्टरांचा अपमान नाही. चांगला डॉक्टर खूश होईल.

दोन. संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीतिसमितीवर एक सामान्य नागरिक असावा लागतो, असा नियमच आहे. तो सामान्य माणूस दर वेळी कुणी निवृत्त साहेबच का? सांगलीला वेश्यावस्तीतल्या बायकांनी १९९० च्या दशकात स्वतःची संघटना बांधली, लागण रोखायचं काम स्वतःच्या हाती घेतलं आणि तपासायला येणाऱ्यांना उलट तपासलं. त्यांना जमतं, तर शिकलेल्या आपल्या पोरापोरींना का जमू नये? त्या खुर्चीवर आपण बसलं पाहिजे. नळीत आपलं रक्त आहे, तर टेबलाशी आपलं तोंडही हवं.

तीन. पेले.

कागदी कपानंतरच्या रविवारी दादा आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी त्यांच्या घरी गेलो. तोंड उघडायच्या आत त्यांनी वहिनींना हाक मारली, "चहा टाक, पाव्हणा आलाय." चहा आला. दोन पेले, दोन्ही सारखे. मी घेतला. माझी माफी माझ्या घशातच राहिली होती. ती मी चहाबरोबर गिळू नये म्हणून तिथेच म्हणालो, "दादा, पेला कमी नव्हता." ते म्हणाले, "मला म्हाईत हाय. मोजलं होतं." मग खात्यातल्या गोष्टी निघाल्या. कुठला साचा नादुरुस्त आहे, कुणाला कायम केलं.

निघताना मी विचारलं, रविवारी येणार का? ते म्हणाले, "बघू."

आठ पेले आहेत. दर रविवारी आम्ही आठही विसळून ठेवतो. एक रिकामा राहतो. त्यांनी यावं असं वाटतं, पण न येण्याचा हक्क त्यांचा आहे. आपण बहिष्काराची माणसं. बहिष्कृताला परत बोलावणं म्हणजे काय, हे आपल्याइतकं कुणाला कळणार? आणि परत यायचं की नाही हे त्यानं ठरवायचं, हेही.

जयभीम.